आधी ऑईल थंड करा, शेपटी मागाहून लावा

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ ला रेसिंगचा साज चढवण्याच्या हौसेवर लेख आला होता. फोटो देखणे होते, पण मजकूर डकटेल (इंजिनाच्या झाकणावरची बदकाच्या शेपटीसारखी पाती), फुगीर मडगार्ड आणि रंगीत पट्टे यांच्यापुढे गेला नाही. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मराठी घराच्या गॅरेजमध्ये अशी गाडी उभी असेल, तर मालकाच्या उपयोगाचे थोडे लिहितो.

गाडी निवडतानाच पहिली मेख आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी माफ, १९७६ पासूनच्यांना नाही. म्हणून हौशी लोक १९७४-७५ ची गाडी शोधतात आणि नेमके २.७ लिटरचे, मॅग्नेशियम क्रँककेसचे इंजिन पदरी पाडून घेतात. इंजिन तापले की मऊ मॅग्नेशियममधून सिलिंडर हेड आवळून धरणारे लांब बोल्ट, म्हणजे स्टड, आट्यांसकट उपटून येतात. १९७५ च्या कॅलिफोर्निया मॉडेलवर तर एक्झॉस्टला थर्मल रिॲक्टर (उरलेसुरले इंधन जाळणारे डबे) जोडलेले, म्हणजे इंजिनखाली शेगडीच. त्यावर इलाज म्हणजे रिॲक्टर काढून जुन्या पद्धतीचे हीट एक्सचेंजर (केबिनच्या हीटरसाठी हवा तापवणारे एक्झॉस्ट पाइप) बसवणे आणि केस उघडून चोवीसच्या चोवीस स्टडांना स्टीलचे इन्सर्ट (आटे पाडलेल्या बाह्या) घालणे. सुटलेल्या चारांनाच इन्सर्ट घालून भागवले, तर उरलेले वीस पुढे केव्हातरी सुटतातच.

दुसरा मार्ग म्हणजे नंतरच्या ९११ एससी मॉडेलचे ३ लिटरचे इंजिन. त्याची केस ॲल्युमिनियमची, आणि या गाड्यांच्या ९१५ गिअरबॉक्सला ते सरळ जुळते. मात्र फ्लायव्हील आणि क्लच एससीचेच घ्यावे लागतात. क्रँकच्या बोल्टांची संख्याच वेगळी. या इंजिनात खालच्या ओळीचे बारा स्टड डिलावार नावाच्या मिश्रधातूचे असतात. ते उपटत नाहीत, गंजून मधेच तुटतात. इंजिन बाहेर आहे तोवरच साधे स्टीलचे घालून घ्यावेत.

आता ऑईल. नावाला एअर-कूल्ड असले तरी या इंजिनाची बरीचशी उष्णता ऑईलच वाहून नेते. ताकद वाढवली आणि पुढच्या उजव्या मडगार्डात पंख्यांचा कूलर नसला, तर उन्हाळ्यात तापमानाचा काटा चढतच जातो. साध्या १९७४-७५ गाड्यांत पुढे कूलर नव्हताच. थर्मोस्टॅट आणि लांब पाइप नव्याने टाकावे लागतात. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी सील जागच्या जागी हवेत, नाहीतर खालची गरम हवा पंखा पुन्हा ओढून घेतो. काउलिंगशिवाय चेतक फिरवून पाहिलेल्या पुणेकराला हे समजावून सांगायला नको. ऑईलची पातळी इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर बघायची. थंड इंजिनात डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून दोन लिटर ओतले की जास्तीचे ऑईल एअर फिल्टरच्या डब्यात जाते आणि मागे निळा धूर.

जुन्या सीआयएस (सतत पेट्रोल फवारणाऱ्या यांत्रिक) इंजेक्शनवर ‘हॉट’, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅमशाफ्ट चढवण्याचा मोह टाळावा. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) वाढला की इनटेकमधल्या हवेच्या धक्क्यांनी हवा मोजणाऱ्या सेन्सरची प्लेट थरथरते आणि आयडलिंग बिघडते. शिवाय सीआयएसच्या पिस्टनचा माथा असा घडवलेला असतो की उंच लिफ्टच्या कॅमला व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात पुरेशी जागा उरत नाही. म्हणून कॅम, पिस्टन आणि तीन घशांचे दोन कार्ब्युरेटर हे एकत्रच बदलायचे. सीआयएस ठेवणार असाल तर एअरबॉक्सला पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की उघडणारी झडप) लावा. थंडीत एक बॅकफायर झाला की प्लॅस्टिकचा डबा फुटतो.

खरी कसोटी टॉर्शन बारची, म्हणजे स्प्रिंगऐवजी पीळ खाणाऱ्या पोलादी दांड्यांची. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: पुढे १९ ऐवजी २१ मिमी म्हणजे जवळजवळ दीडपट, मागे २३ ऐवजी २६ म्हणजे एक पूर्णांक सहा पट. मागच्या बारला आत ४० दाते, बाहेर ४४. आत एक दाता पुढे, बाहेर एक दाता मागे घेतला की ९ उणे ८.१८, म्हणजे ०.८२ अंशाचा फरक पडतो. मागची उंची अशी साधायची. बारवर डावा-उजवा अशी खूण असते, त्यांची अदलाबदल करू नये. रंगावर ओरखडाही नको. तिथूनच गंज धरतो आणि एके दिवशी बार तुटतो.

पुढून गाडी खाली बसवली आणि स्पिंडल (पुढच्या चाकांचे आस) सुमारे १९ मिमी वर घेतले नाहीत, तर खड्ड्यात स्टिअरिंग न हलवताही चाक वळते. त्यात सुमारे साठ टक्के वजन मागे. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडणाऱ्याची गाडी शेपूट पुढे घेऊन येते. शेवटी ड्रायव्हरच्या वजनाइतकी पोती सीटवर ठेवून चारही चाके वजनकाट्यांवर तोलून घ्यावीत.

डकटेल १९७२-७३ च्या कॅरेरा आरएस २.७ वर आली ती वेगात मागची बाजू हलकी पडू नये म्हणून. ती लावलीत तर पुढचा स्पॉयलरही लावा. फायबरचे बंपर वजन कमी करतात, पण पार्किंगमधला धक्काही सोसत नाहीत.

अशी गाडी भारतात नेण्याचा विचार असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणून मूळ मडगार्ड कापण्याऐवजी काढून ठेवा, आणि मूळ क्रमांकाचे इंजिन ऑईल लावून, तोंडे बंद करून कोरड्या जागी पेटीत ठेवा.

आपला,
एक वाचक, सॅन होजे (कॅलिफोर्निया)