लंडनमध्ये बिग बेनच्या पलीकडेही बघा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लंडनवर पानभर छापलं, फोटो मस्त होते, पण पुन्हा तेच हो, बिग बेन, लंडन आय, मादाम तुसाँ. टूरवाले पण हेच फिरवतात, मेणाच्या पुतळ्यांपायी अख्खी दुपार जाते आणि चॉक फार्म स्टेशनवरून आरामात चालत जाता येईल असं बाबासाहेबांचं घर कोणाच्या यादीतच नसतं. दीक्षाभूमीच्या गावातल्या पेपरनं तरी ते सोडायला नको होतं, असं आपलं माझं मत.

१०, किंग हेन्रीज रोड. शिकायला असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथं राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं घर विकत घेऊन स्मारक केलं, म्हणजे आपल्याच पैशाचं आहे ते. बाहेरून शेजारच्या घरांसारखंच, निळी गोल पाटी नजरेतून सुटली तर सरळ पुढे निघून जाल. तिथून जवळच प्रिमरोझ हिल, टेकडीच ती, वर चढलं की लंडन समोर पसरलेलं दिसतं आणि तिकीट बिकीट काही नाही. लंडन आयचे भाव बघितले ना तुम्ही?

मग ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, धरून होबर्नला या. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली ते एलएसई, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इथंच, आणि पलीकडे लिंकन्स इन फील्ड्स या बागेला लागून सर जॉन सोन म्युझियम, तेही फुकट! हा सोन आर्किटेक्ट, घरात इतक्या मूर्ती, दगड, चित्रं भरून ठेवली की बोलायची सोय नाही, आणि १८३३ मध्ये पार्लमेंटचा कायदाच करून घेतला की माझ्यामागं घर असंच ठेवा. एका छोट्या खोलीत तिथला माणूस भिंतच कपाटाच्या दारासारखी उघडतो आणि आत अजून चित्रं टांगलेली. तळघरात इजिप्तच्या सेती राजाची दगडी शवपेटी आहे, ब्रिटिश म्युझियमला २००० पौंड जास्त वाटले म्हणून १८२४ मध्ये यानं घेऊन टाकली, वरून तीन रात्री पार्ट्या दिल्या. हौसेला मोल नसते म्हणतात ते हेच बाप्पा. फक्त सोमवार-मंगळवारी जाऊ नका, बंद असतं.

उन्हाळ्याच्या टूरचे बुकिंग सुरू व्हायच्या आत यावर अर्धं पान छापा, म्हणजे लोकांना टूरवाल्याशी भांडायला कात्रण तरी हाताशी राहील.

आपला एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर