बँकेसाठी फायरफॉक्सची वेगळी प्रत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली टाकून तो पुन्हा वापरात आणण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि धडधाकट यंत्रे अडगळीत जाऊ लागली, त्यामुळे असे लेख यायलाच हवेत. मात्र बँकेचे काम ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत (जिचा इतिहास मागे राहत नाही) केले की पुरे, हा त्यातील सल्ला पटला नाही. त्यासाठी फायरफॉक्स या ब्राउझरची वेगळी प्रत हवी.

मी इचलकरंजीत जीएसटी आणि आयकराची रिटर्न भरून देण्याचे काम करते. ग्राहक बहुतेक यंत्रमागधारक आणि सूत व्यापारी. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास एकाच संगणकावर दोन-तीन जणांची खाती एकदम उघडी लागतात. एकाचे चलन तयार करायचे, त्याच वेळी दुसऱ्याचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) ताडून पाहायचे. अशा वेळी प्रायव्हेट विंडो कुठे तोकडी पडते ते लगेच दिसते. आपण कितीही प्रायव्हेट विंडो उघडा, त्या सगळ्यांच्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) एकाच तात्पुरत्या डब्यात पडतात आणि शेवटची विंडो बंद केली की पुसल्या जातात. म्हणजे एक खाते साध्या विंडोत, दुसरे प्रायव्हेट विंडोत, आणि तिसऱ्याला जागाच नाही. त्यातच तिसरे उघडले की आधीच्यांपैकी एकाचे लॉगिन जाते.

लिनक्सवर नव्याने आलेल्या माणसाला आणखी एक कोडे पडते. फायरफॉक्सच्या चिन्हावर दुसऱ्यांदा क्लिक केले तरी दुसरा फायरफॉक्स सुरू होत नाही. नवी हाक आधीच चालू असलेल्या फायरफॉक्सकडे पोचते आणि तोच आणखी एक विंडो उघडून देतो. खरी दुसरी प्रत हवी असेल तर दुसरे प्रोफाइल लागते. प्रोफाइल म्हणजे एक फोल्डर. इतिहास, बुकमार्क, कुकी, साठवलेले पासवर्ड, अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम), सेटिंग, सगळे त्यात असते. प्रोग्राम एकच, पण प्रत्येक प्रत आपापल्या फोल्डरवर चालते आणि एकीला दुसरीचे लॉगिन ठाऊक नसते. एकाच प्रोफाइलवर दोन प्रती चढवू पाहिल्या तर मात्र फायरफॉक्स आधीच चालू असल्याचा संदेश येतो. तो बिघाड नव्हे. दोन प्रतींनी एकाच डेटाबेसमध्ये एकदम लिहू नये म्हणून त्या फोल्डरला लावलेले ते कुलूप आहे.

करायचे काम फार नाही. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या विंडोत) फायरफॉक्सचे इंग्रजी नाव लहान अक्षरांत लिहा, जागा सोडा, एक आडवी रेघ आणि तिला चिकटून इंग्रजी मोठा 'पी' द्या. प्रोफाइल निवडण्याची चौकट येते. तिथे 'बँक' नावाचे नवे प्रोफाइल करा, आणि रोजचेच प्रोफाइल आपोआप उघडणारे राहील एवढे पाहा. पुढच्या वेळी त्याच आज्ञेत 'पी'नंतर प्रोफाइलचे नाव द्यायचे, म्हणजे चौकटही येत नाही. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलेले बरे, टर्मिनलमध्ये टंकायला सोपे जाते. ही आज्ञा लाँचरच्या (मेन्यूतल्या चिन्हाच्या) फाइलमध्ये लिहून ठेवली की मेन्यूत दुसरे चिन्ह दिसू लागते आणि टर्मिनलची भीती असलेल्या माणसालाही ते चालवता येते. दोन्ही प्रतींना वेगवेगळ्या रंगांची थीम लावा. आमच्याकडे बँकेची प्रत लाल आहे, मान वर न करताही कळते आपण कुठे आहोत.

त्या आज्ञेच्या शेवटी दोन रेघा देऊन 'नो-रिमोट' जोडले की ती प्रत बाहेरून आलेले दुवे घेतच नाही. हे कलम जुने आहे आणि साध्या वापरात आता त्याची फारशी गरज उरलेली नाही, तरी बँकेच्या प्रतीला मी ते मुद्दाम लावते. मेलमधल्या 'आपले केवायसी अपूर्ण आहे' छापाच्या दुव्यावर घाईत बोट पडले तर तो दुवा रोजच्या प्रतीत उघडतो, जिथे बँकेचे लॉगिनच नसते. खोट्या पानावर कोणी आपण होऊन पासवर्ड टंकला तर त्याला कोण काय करणार, पण उघड्या खात्याचा गैरफायदा घेण्याची वाट तरी बंद होते.

यावर जाणकार वाचक म्हणतील की कंटेनर आहेत ना. आहेत, आणि २०१७ पासून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे ते अ‍ॅड-ऑन मिळते. एकाच विंडोत रंगीत टॅब, प्रत्येक रंगाच्या कुकी वेगळ्या. एकाच संकेतस्थळावर दोन ग्राहकांची खाती शेजारी-शेजारी हवी असतील तर मीही तेच वापरते. पण इतिहास, साठवलेले पासवर्ड आणि अ‍ॅड-ऑन हे सगळ्या कंटेनरना सामाईकच असतात. मुलाने गाणी उतरवण्यासाठी घातलेले कुठलेसे अ‍ॅड-ऑन सगळी पाने वाचण्याची परवानगी घेऊन बसलेले असेल, तर ते बँकेचे पानही वाचू शकते, टॅबचा रंग कोणताही असो. स्वतंत्र प्रोफाइलमध्ये ते अ‍ॅड-ऑन नसतेच. माझ्या मते घरच्या सामाईक संगणकावर वेगळी प्रत ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, आणि आपल्या लेखात नेमके तेच नव्हते.

डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. फायरफॉक्स प्रमाणपत्रांचा साठा प्रत्येक प्रोफाइलमध्ये वेगळा ठेवतो. त्यामुळे फायरफॉक्समध्येच टोकन जोडायचे असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या प्रतीत पुन्हा जोडून द्यावा लागतो. एका प्रतीत सही दिसते आणि दुसरीत दिसत नाही म्हणून टोकन खराब झाल्याची समजूत करून घेऊ नये.

ज्यांना दोन वेगळ्या आवृत्त्या हव्यात, म्हणजे डेबियन या लिनक्सच्या प्रकारासोबत येणारी ईएसआर (दीर्घकाळ जपली जाणारी आवृत्ती) आणि शेजारी ताजी, त्यांचे काम २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून सोपे झाले. तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलेशन आपले स्वतंत्र प्रोफाइल धरते. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनीत उघडू गेल्यास ती नकार देते, आणि तो नकार मानावा. क्रोमियम हा दुसरा ब्राउझर वापरणाऱ्यांनी कोपऱ्यातल्या गोल चित्रावरून प्रोफाइल बदलले तरी ते सगळे एकाच चालू प्रोग्रामच्या पोटात असते. तिथे खरी वेगळी प्रत हवी तर सुरू करतानाच डेटाचे वेगळे फोल्डर नेमून द्यावे लागते.

आता याच्या मर्यादा. जुन्या चार जीबीच्या यंत्रावर दोन प्रती आणि प्रत्येकीत दहा-बारा टॅब म्हणजे यंत्र हळू होणारच. बँकेची प्रत काम झाले की बंद करावी, तसेही तेच योग्य. डेबियनसारख्या प्रणालीत दोन्ही प्रती चालू असताना फायरफॉक्सचे अपडेट उतरले तर दोन्ही पुन्हा सुरू कराव्या लागतात, कारण खालचा प्रोग्राम एकच असतो. रिटर्नची शेवटची तारीख असलेल्या दिवशी म्हणूनच अपडेटला हात लावू नये.

त्याहून मोठी मर्यादा अशी की प्रोफाइलला दार नसते. त्याच लिनक्स खात्यात बसलेला कोणीही 'बँक' हे चिन्ह दाबू शकतो. साठवलेल्या पासवर्डवर प्रायमरी पासवर्ड, म्हणजे सगळ्यांवरचा एकच पासवर्ड, लावता येतो, पण त्याने इतिहास झाकला जात नाही. घरातल्या माणसांपासूनच काही दूर ठेवायचे असेल, किंवा कार्यालयात मदतनीस बदलत असतील, तर लिनक्सवर प्रत्येकाचे वेगळे वापरकर्ता खाते उघडावे. ते मोफत आहे आणि दोन मिनिटांत होते. सेवा केंद्रांमधून दिवसभर अनोळखी लोकांची खाती ज्या रीतीने एकाच वापरकर्ता खात्यातून, एकाच ब्राउझरमधून उघडली जातात, ते पाहून मला धास्ती वाटते. त्या चालकांच्या प्रशिक्षणात एवढी तासाभराची शिकवणी का असू नये?

२०२५ मध्ये मोझिलाने मेन्यूतूनच प्रोफाइल करण्याची सोय टप्प्याटप्प्याने देऊ केली. ज्यांच्याकडे ती आली आहे त्यांना टर्मिनलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. या विषयावर आपण पुन्हा लिहाल तेव्हा बॅकअपचाही उल्लेख करावा. वाचक घरच्या फोल्डरमधील लपलेले मोझिलाचे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतात आणि निर्धास्त होतात. पण उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर २०२२ च्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स केवळ स्नॅप (उबुंटूची प्रोग्राम पुरवण्याची वेगळी पद्धत) स्वरूपात येतो आणि त्याची प्रोफाइल 'स्नॅप' नावाच्या फोल्डरात असतात, म्हणजे ती त्या नकलेत येतच नाहीत. नक्कल करण्याआधी दोन्ही प्रती बंद कराव्यात.

आपली विश्वासू,
एक करसल्लागार, इचलकरंजी