झटपट टेस्ट आहे हो, काच बघायला माणूस नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीत बुरशीच्या इन्फेक्शनच्या झटपट टेस्टवर अर्धं पान आलंय. विषय घेतलात त्याबद्दल आभार. पण गॅलेक्टोमॅननची रक्ततपासणी केली की कुठलीही बुरशी सापडते असं जे छापलंय ते साफ चूक आहे. ती टेस्ट मुख्यतः अ‍ॅस्परजिलस या एका बुरशीची, म्युकर म्हणजे काळी बुरशी त्यात सापडत नाही, बीटा-डी-ग्लुकान या दुसऱ्या रक्ततपासणीतही नाही. उद्या कुणी रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निवांत बसला तर त्याचा डोळा कोण परत देणार? अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल हे औषध म्युकरवर चालत नाही, तिथे मुख्यतः अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, म्हणजे कुठली बुरशी आहे हे कळण्यावरच सगळं आहे.

मला एवढं कळतं कारण २०२१ च्या मे महिन्यात आमच्या दाजींना म्युकर झाला होता. कोविडमधून घरी आले, स्टिरॉइड घेतलेलं, शुगर वाढलेली, एका बाजूचा गाल सुजला आणि वरच्या दाढा हलायला लागल्या. एका खासगी हॉस्पिटलात शुक्रवारी संध्याकाळी नाकातून दुर्बीण घालून तुकडा काढला. तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला, त्यात बुरशी मरते, त्यामुळे कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायचा प्रश्नच मिटला, त्यातला निम्मा तरी सलाइनमध्ये ठेवायला हवा होता हे आम्हाला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. बाटलीवर पेनाने नाव लिहिलेली चिठ्ठी, आणि बाटली नर्सच्या टेबलावर. लॅबवाला गेलेला, शनिवारी अर्धा दिवस, रविवारी बंद. सोमवारपर्यंत पापणी उघडत नव्हती. शेवटी डोळा काढावा लागला.

आणि यासाठी कुठलं परदेशी किट लागत नव्हतं. ताज्या तुकड्यावर केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकून काच मायक्रोस्कोपखाली धरली की बहुतेक वेळा तासाभरात कळतं, म्युकरचे धागे रुंद, रिबिनीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटलेले, अ‍ॅस्परजिलसचे बारीक आणि पडदे असलेले. केओएच स्वस्त आहे, मायक्रोस्कोप तर टीबीच्या थुंकीसाठी सगळीकडे आहेच. नाही तो रात्री आणि रविवारी ती काच बघणारा शिकलेला माणूस. पीसीआर येऊ दे, नवीन पट्ट्या येऊ दे, क्रिप्टोकोकस या आणखी एका बुरशीची पट्टी तर दहा मिनिटांत सांगते आणि एचआयव्हीच्या पेशंटचे जीव वाचवते, माझा विरोध अजिबात नाही. पण अर्धं पान मशीनवर आणि केओएचवर एक ओळसुद्धा नाही याचा राग येतो. तुमच्या वार्ताहराला एक रविवार जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांत पाठवा आणि आज तुकडा काढला तर काच आज कोण बघेल एवढंच विचारायला सांगा. जे उत्तर मिळेल ते छापा.

आणखी एक. त्याच पानाच्या खाली "शुगर मुळापासून बरी, गोळ्या बंद" अशी जाहिरात आहे. म्युकर सगळ्यात जास्त कुणाला होतो, तर शुगर हाताबाहेर गेलेल्यांना. असल्या जाहिराती वाचून गोळ्या सोडणारी माणसं आमच्याच गल्लीत आहेत. वर इन्फेक्शनची माहिती आणि खाली हे, असं कसं चालतं? ती जाहिरात बंद करा आणि गॅलेक्टोमॅननची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात छापा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, बार्शी