टॉवर गच्चीवर, भार मात्र कॉलमवर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गच्चीवर मोबाइल टॉवर घ्यायचा विषय निघाला की सोसायटीची सभा किरणोत्सर्गावरच अडते. स्लॅबबद्दल कुणी विचारत नाही. त्यातच ‘महापालिकेची परवानगी असेलच’ हा समज. केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये राइट ऑफ वे नियमांत (टॉवर, केबल कुठे आणि कशा उभारायच्या याचे नियम) दुरुस्ती करून खासगी इमारतींसाठी ही परवानगीची अटच काढली. तिच्या जागी आली ती काम सुरू करण्याआधी द्यायची लेखी माहिती आणि इमारत सुरक्षित असल्याचे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र. म्हणजे सगळी भिस्त त्या एका कागदावर, आणि तो बहुतेक सभासदांनी पाहिलेलाही नसतो.

तो वाचायचा कसा? भार कुठे उतरतो, हे आधी शोधावे. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो चलभार (माणसे, सामान यांचे येते-जाते वजन) धरून काढलेला असतो. टॉवरसोबत येणारी ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी बँक म्हणजे २४ सेल, वजन पाऊण ते एक टन, आणि सगळे जेमतेम चौरस मीटरभर जागेत. ती स्लॅबच्या मधोमध ठेवली की खालच्या फ्लॅटच्या छताला तडे जायला वेळ लागत नाही. म्हणून कॉलमच्या डोक्यावर पेडेस्टल (काँक्रीटचा ठोकळा), त्यावर कॉलम ते कॉलम लोखंडी बीम आणि त्यावर सामान, हीच रीत. पेठांतल्या जुन्या भारवाहक भिंतींच्या इमारतींत कॉलमच नसतात. तिथे भिंतींची जाडी आणि चुन्याची की सिमेंटची जुडाई हे पाहिल्याशिवाय दिलेले प्रमाणपत्र मी तरी मानणार नाही.

दुसरा भार वाऱ्याचा. पुण्यासाठी भारतीय मानक ८७५ (भाग ३) मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरते, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ९० किलो दाब. उंची आणि भोवतालचा परिसर यांचे गुणक वेगळे. हा दाब टॉवरला आडवा ढकलतो, त्यामुळे एका बाजूचे पाय खाली दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे वर उचलले जातात. वर ओढणारी ही ताकद विटांच्या कठड्याला पेलवत नाही. तरीही अँटेनाचा खांब कठड्यालाच क्लॅम्पने आवळलेला सर्रास दिसतो!

मग येतो पाऊस. ब्रिकबॅट कोब्यातून (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थरातून) थेट अँकर बोल्ट ठोकले की पहिल्याच पावसाळ्यात गळती. कोबा स्लॅबपर्यंत फोडून, सळ्या इपॉक्सीत बसवून पेडेस्टल ओतावे, भोवती वॉटरप्रूफिंग नव्याने करून वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई) मारावा. बीम गच्चीपासून फूटभर वर ठेवला की पाणी अडत नाही आणि झाडूही फिरतो.

किरणोत्सर्गाची शंका रास्तच, पण ती मोजून फेडता येते. २०१२ पासून आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश आहे. एका अँटेनाला २० मीटर, दोनांना ३५ मीटर हे सुरक्षित अंतर अँटेनासमोर, तिच्याच उंचीवर मोजायचे. म्हणून खालच्या मजल्यापेक्षा समोरच्या उंच इमारतीची खिडकी आधी पाहावी. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर ४,००० रुपये भरून मोजणी मागता येते.

भाडेकरारात टॉवर काढण्याचा खर्च, गच्ची पूर्ववत करण्याची अनामत, वेगळा वीजमीटर आणि जनरेटरला ध्वनिरोधक आवरण ही चार कलमे नसतील तर सही करू नये. महापालिकेकडेही एक मागणी आहे: आलेली माहितीपत्रे आणि प्रमाणपत्रे आकडेमोडीसह क्षेत्रीय कार्यालयानुसार संकेतस्थळावर टाकावीत. आपल्या डोक्यावर किती टन आणि कुठल्या कॉलमवर आहे, हे वरच्या मजल्यावरच्याला माहिती अधिकाराचा अर्ज न करता कळले पाहिजे.

– एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, कोथरूड, पुणे