उद्यानातला टाकळा उपटू नका

संपादक महोदय,

आमच्या इमारतीमागे महापालिकेचं उद्यान आहे. जून सरता सरता तिथल्या भिंतीलगत टाकळा (ही एक रानभाजी) उगवतो, वीतभर होतो आणि एका सकाळी माळीदादा तो मुळासकट उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकतात. त्यांना 'तण काढा' एवढंच सांगितलेलं असतं. संध्याकाळी स्टेशनच्या पुलाखाली मुरबाडकडून आलेल्या मावशी तोच टाकळा २० रुपये वाट्याने विकत बसलेल्या असतात आणि मी तो घेऊन घरी येते. कितीतरी वर्षं हे बघतेय. यंदा राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी ३६ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. वनस्पतीचे खाण्याजोगे भाग मुलांना पाठ असायचे: गाजर मूळ, बटाटा खोड, पालक पान. निवृत्तीआधीच्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गाला याच उद्यानात नेलं, तेव्हा ४० मुलांत टाकळा ओळखणारी एकच मुलगी निघाली. तिची आजी शहापूरची. पानं तीन जोड्यांत येतात ती मोजायची, कोवळा शेंडा तेवढाच खुडायचा, पिवळी फुलं धरली की भाजी निबर आणि कडू होते, हे तिने सगळ्यांना दाखवलं. माझ्या पुस्तकात यातलं काही नव्हतं.

एका कोपऱ्यात शेवगा, हदगा, कढीपत्ता लावावा असा अर्ज मी उद्यान खात्याकडे केला. उत्तर मिळालं, 'मुलांनी भलतंच काही खाल्लं तर जबाबदार कोण?' त्याच उद्यानात बिट्टीची आठ झाडं आहेत. बिट्टीचा प्रत्येक भाग विषारी, आणि मुलं तिच्या बिया गोळा करून खेळतात. महामार्गांच्या दुभाजकांतली कण्हेरही विषारीच. गुरं तोंड लावत नाहीत ही तिची सोय. ही झाडं लावताना जबाबदारीचा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

भलतंच खाल्लं जाऊ नये यासाठीच तर ओळख हवी. लग्नानंतर पहिल्यांदा मी शेवळं ही रानभाजी केली ती नुसती परतून. घरातल्या सगळ्यांचे घसे रात्रभर खवखवत होते. मावशी जुडीबरोबर काकडाची आंबट फळं देतात ती ही खवखव मारण्यासाठी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. मी आवर्जून जाते. पण तिथे मुलांना भाजी दिसते ती जुडीत नाहीतर ताटात. मातीतलं रोप दिसत नाही.

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या छोट्या गावात २००८ पासून रहिवासी पोलीस ठाण्यापुढे, आरोग्य केंद्राच्या आवारात भाज्या आणि फळझाडं लावतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यातलं हवं ते घ्यावं अशी रीतच आहे. आपल्याकडे मात्र 'फुले-फळे तोडू नयेत' ही पाटी आधी लागते, झाड मागून येतं.

अडचणी आहेत, त्या नाकारत नाही. रहदारीच्या रस्त्याकडेला पालेभाजी नकोच. धूळ आणि धूर पानांवरच बसतो. वाफे उद्यानाच्या आतल्या बाजूला, कुत्री पोहोचणार नाहीत इतके उंच हवेत. शेवग्याची फांदी ठिसूळ, तो बाकांवर झुकेल असा लावू नये. आणि तणनाशक मारणं पूर्ण थांबलं पाहिजे, नाहीतर हे सगळं व्यर्थ. लोक ओरबाडून नेतील, असंही म्हणतात. नेतील, पहिल्या वर्षी नेतीलच. पण शेवगा छाटला की पुन्हा फुटतो, आणि ज्या मुलाने स्वतः कढीपत्त्याला पाणी घातलंय ते दुसऱ्याला अख्खी फांदी मोडू देत नाही. शाळेच्या अंगणात मी हे पाहिलंय.

पावसाळ्यात मुरबाड-शहापूरच्या या मावशींना उद्यानात बोलवावं, शाळांची मुलं त्यांच्यासमोर बसवावीत आणि शिक्षकाला देतो तसं मानधन त्यांना द्यावं. ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि आपण त्यांच्याशी फक्त वाट्याच्या भावावरून घासाघीस करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तूर्त एकच विनंती. पहिल्या पावसानंतर तीन आठवडे भिंतीलगतचा तो पट्टा तसाच राहू द्यावा. माळीदादांना तेवढी सूचना मिळाली, तर मुलांना घेऊन मी स्वतः येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. ठाणे