दादाच्या दुकानातला मेतकूट भात

लीड्स, १८ जानेवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच आहे. पण जे खरं सांगायचंय ते फोनवर होत नाही, कारण दादाचं नाव निघालं की बाबा फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे पत्र. बाबा, रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

इंदुरात मी बारा दिवस होते. त्यातल्या नऊ रात्री दादाच्या खाण्याच्या दुकानात काढल्या, नुसत्या गप्पा मारत नव्हे, कांदा चिरत आणि पार्सलं बांधत. तुम्ही पुण्याला गेल्यापासून दोघांनीही ते दुकान पाहिलेलं नाही. पाहिलाय तो वहिनीने पाठवलेला पाटीचा फोटो. तो बघून बाबा म्हणाले होते, "पोह्यांपासून मंचुरियनपर्यंत सगळं एकाच कढईत! ज्याला एक धड येत नाही तो सगळं विकतो." ते वाक्य दादाच्या मनात अजून रुतून आहे. त्याने मला बोलून दाखवलं नाही, वहिनीने सांगितलं.

बाबा, तुमचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतं. तुम्ही आम्हाला लहानपणी सराफ्यात न्यायचात. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं, रात्री आठ-नऊला शटर पडली की त्याच ओट्यांवर कढया चढायच्या. एकाकडे फक्त भुट्ट्याचा कीस, एकाकडे फक्त तळलेले गराडूचे कंद, पलीकडे रबडी, आणि तो दहीवडेवाला दोना वर उडवून झेलायचा तेव्हा मी तुमचा हात घट्ट धरायचे. तुम्ही म्हणायचात, बघ, तीन पिढ्या एकच पदार्थ करतायत, याला म्हणतात हात बसणं. ते खरंच आहे. या खेपेलाही गराडू तिथेच खाल्ले, लिंबू पिळून, वर जीरावन मसाला, आणि तशी चव जगात कुठे नाही.

पण सराफ्यात माणूस जातो. दादाकडे येतो तो माणूस सराफ्यात जाऊ शकत नाही. नऊ रात्रींत मला एवढं एकच कळलं, आणि तेच तुम्हाला सांगायला हे पत्र.

आधी जागेचं सांगते. रामबागेतल्या घराची तुमची बैठकीची खोली आता दुकान आहे, हे तुम्हाला लागलंय, ठाऊक आहे. खिडकी मोठी करून तिथे काउंटर केला आहे. आत बसून खायची सोय नाही, नुसती पार्सलं. तुमचं शिसवी बाक मात्र त्याने हलवलेलं नाही. ओट्यावर ठेवलंय, पार्सलची वाट बघणारे त्यावर बसतात. वहिनी रोज संध्याकाळी ते पुसते, आठवड्याला तेलाचा हात फिरवते. संध्याकाळी सातला खिडकी उघडते, रात्री दोनला बंद. वहिनी दहापर्यंत असते, मग बाळाची सकाळची शाळा म्हणून वर जाते. पुढे दादा आणि दोन मुलगे.

पाटीवर चौसष्ट पदार्थ आहेत. मीही पहिल्या दिवशी घाबरले होते. मग स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा समजलं की मुळात तयारी सात-आठच. लाल ग्रेव्ही, काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही, उकडलेले बटाटे, शिजवून तेलाचा हात लावलेले नूडल्स, गार केलेला मोकळा भात, भिजवलेला साबुदाणा, भिजवलेली मूगडाळ, आणि पोळ्या-पराठ्यांची कणीक. त्यातूनच चौसष्ट होतात. बटाटा पांढऱ्या ग्रेव्हीत गेला की दम आलू, कुस्करून पराठ्यात गेला की आलू पराठा, उपासाच्या कढईत गेला की खिचडीतल्या फोडी. आई, तू पाहुणे आले की एका वरणाचं आमटी, फोडणीचं वरण आणि दुसऱ्या दिवशी वरणफळं करायचीस ना, तेच हे. तुझ्याच घरात शिकलाय तो.

भाताच्या बाबतीत मी मात्र त्याला दोन शब्द सुनावले. उरलेला भात बाहेर तसाच राहिला की त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत, आणि त्याने एकदा विष सोडलं की भात पुन्हा कितीही गरम करा, ते जात नाही. इथल्या हॉस्पिटलच्या वॉर्डात असे उलट्यांनी हैराण झालेले लोक मी पाहिलेत. दादाने एकदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी तीन मोठ्या पराती आल्या. आता भात शिजला की परातींत पातळ पसरायचा, वर पंखा, आणि तासाभराच्या आत फ्रिजमध्ये. रात्री दोनला जो उरेल तो गायीला, दुसऱ्या दिवशी ग्राहकाला नाही. पिथमपूरच्या औषध कंपनीत चौदा वर्षं काढलेला माणूस आहे, नियम पाळणं अंगातच आहे. काउंटरवर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लावलाय. मागे १९ किलोचे निळे सिलिंडर, घरच्या लाल सिलिंडरला तो दुकानात हात लावत नाही. जळकं तेल कॅनमध्ये साठवतो, बायोडिझेलवाला घेऊन जातो. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. ओल्याचं काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाला, देवगुराडियाला २०२२ मध्ये बायो-सीएनजीचा प्लांट झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घेतो, त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. हे सांगताना त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. इंदूर सात-आठ वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येतंय त्यात आपल्या कांद्याच्या सालींचाही वाटा आहे, असं त्याला मनापासून वाटतं.

चूक झाली ती पण सांगते, म्हणजे मी नुसती बाजू घेते आहे असं वाटायला नको. माझ्या तिसऱ्या रात्री दोन पिशव्यांची अदलाबदल झाली. जैन घरातल्या ऑर्डरमध्ये कांदा-लसणाची भाजी गेली. त्या घरातल्या आजींनी डबा उघडून वासानेच ओळखलं, म्हणून तोंडात गेली नाही. फोन आला तेव्हा पाऊण वाजला होता. दादाने वाद घातला नाही, पैसे परत करतो म्हणून सुटका करून घेतली नाही. वेगळी कढई घासून घेतली, नव्याने भाजी केली, आणि पोऱ्याला न पाठवता स्वतः स्कूटरवर घेऊन गेला, हात जोडून आला. त्या रात्रीपासून प्रत्येक डब्याच्या झाकणावर काळ्या मार्करने अक्षर असतं. 'जै' म्हणजे जैन, 'उ' म्हणजे उपास, 'फि' म्हणजे फिकं. लिहायचं काम शेवटचे सहा दिवस माझ्याकडे होतं. नवव्या रात्री मी एकशे बारा झाकणं लिहिली.

कोण येतं म्हणून विचाराल. साडेदहापर्यंत आपल्याच गल्लीतले, घरात पाहुणे आले, गॅस संपला, सुनेला बरं नाही, असे. मग भंवरकुआँकडची, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची (पीएससीची) तयारी करणारी मुलं. मध्य प्रदेशच्या आयोगाचं (एमपीपीएससीचं) मुख्यालय इंदुरातच, त्यामुळे गावोगावची मुलं इथे खोल्या घेऊन राहतात, आणि रात्री बाराला त्यांचा मेसचा डबा कधीच पचलेला असतो. "भिया, दो हक्का, एक अंडा छोड़ के सब," अशी ऑर्डर. ती पोरं त्या बाकावर बसून घटनेची कलमं एकमेकांना विचारतात. बाबा, तुम्ही असता तर त्यांना कलमं समजावत बसला असतात.

आणि बारानंतर एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलातल्या पेशंटांची माणसं. त्यांच्यासाठीच हे पत्र लिहिते आहे असं समजा.

शनिवारी रात्री सव्वाची वेळ. थंडी भरपूर होती, मी तुमची जुनी शाल पांघरून काउंटरला बसले होते. एक माणूस आला, पन्नाशीचा असेल, पायात स्लीपर, हातात औषधांची पिशवी. पाटीकडे बराच वेळ बघत राहिला, वरून खाली, पुन्हा खालून वर. मग म्हणाला, "भैया, कुछ ऐसा है जो बिना दाँत का आदमी खा ले? मिर्ची बिल्कुल नहीं." खरगोनकडून आला होता. वडिलांना ॲडमिट केलं होतं, त्यांनी दोन दिवस काही खाल्लं नव्हतं, आणि आज डॉक्टरांनी मऊ काहीतरी द्यायला परवानगी दिली होती. पण ती रात्री अकराला.

दादाने पाटीच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. चौसष्टावा पदार्थ, मेतकूट भात, पन्नास रुपये.

त्या माणसाला मेतकूट काय ठाऊक असणार? दादा म्हणाला, "दाल-चावल का ही है, मेरी माँ बनाती है." मग गॅसवर छोटं पातेलं चढलं. इथे गार केलेला भात चालत नाही, हा प्रत्येक वेळी नव्याने शिजवावा लागतो, आणि त्याला वीस मिनिटं लागतात. म्हणूनच दुसरं कोणी विकत नाही. तांदूळ गळेपर्यंत शिजवला, डावाने घोटला, चमचाभर साजूक तूप, मीठ, वर मेतकूट. वास सुटला आणि मला एकदम माझा चौथीतला टायफॉइड आठवला. आई, तू बशीत भात पसरून फुंकर घालत बसायचीस आणि बाबा ऑफिसातून आल्या आल्या कपाळाला हात लावून बघायचे. तोच वास, रात्री दीड वाजता, रस्त्यावर.

दादाने डब्याला वर्तमानपत्राचे चार पदर गुंडाळले, लाकडी चमचा ठेवला. त्या माणसाने पन्नास दिले ते दादाने घेतले, कारण फुकट दिलं तर माणूस पुन्हा येत नाही, असं दादा म्हणतो. दुसऱ्या रात्री तो आला. आल्या आल्या म्हणाला, "वो पीला वाला चावल." वडिलांनी अर्ध्याहून जास्त खाल्ला होता. पुढे तो रोज येत राहिला. आता त्या बाजूच्या लोकांत मेतकूट भाताचं नाव 'पीला चावल' असंच पडलंय.

चौसष्ट पदार्थ का, याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. एकच पदार्थ उत्तम करणाऱ्याकडे आपण त्या पदार्थासाठी जातो. दादाकडे माणूस स्वतःची अडचण घेऊन येतो, आणि अडचणी चौसष्टांहूनही जास्त असतात.

मला हे लगेच कळलं, कारण मीही तशा दुकानाच्या बाकावर बसले आहे. तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, काळजी कराल म्हणून. इथे आले तो पहिला हिवाळा. लेट शिफ्ट संपून, हँडओव्हर देऊन, बसने कोपऱ्यावर उतरेपर्यंत रात्रीचे साडेदहा व्हायचे. घरी गारठा, स्वयंपाक करायचं त्राण नाही. कोपऱ्यावर एका चिनी कुटुंबाचं टेकअवे आहे. इथे रात्री ११ नंतर गरम खाणं विकायला वेगळा परवाना लागतो, तो काढून ते उशिरापर्यंत उघडं ठेवतात. त्यांचीही यादी दोन पानं भरून, नूडल्सपासून चिप्स-करी सॉसपर्यंत, शेवटी इंग्रज म्हाताऱ्यांसाठी ऑम्लेट. मांस चालत नाही म्हटल्यावर काउंटरवरच्या बाईंनी यादी बाजूला ठेवली आणि भाज्या घालून भात परतून दिला, वेगळ्या कढईत. तिसऱ्या आठवड्यापासून मी दारात दिसले की त्या आतमध्ये हाक द्यायच्या. त्या हिवाळ्यात दिवसभरात मला माझ्यासाठी म्हणून कोणी काही केलेलं तेवढंच असायचं. त्यांच्याही घरात कोणी म्हणालं असेल का, की सगळं विकतो त्याला काही येत नाही? मला नाही वाटत तसं कोणी म्हणावं.

बाबा, दादाने नोकरी सोडली याचं तुम्हाला दुःख आहे, ते मी खोडून काढत नाही. पैसे पहिल्यापेक्षा कमीच आहेत. ॲपवाल्यांचं कमिशन कापून हातात येतं ते बघून मलाही वाईट वाटलं, आणि झोपेची आबाळ तर आहेच. पण त्याने तुमच्या खोलीत हलकं काम मांडलेलं नाही. पुणे–इंदूर गाडी आहे, एक रात्रीचा प्रवास. तुम्ही आधी कळवू नका. सकाळी पोचाल, पण दुकान सकाळी बघू नका, तेव्हा शटर बंद असतं. रात्री बारानंतर त्या बाकावर बसा, तुमच्याच बाकावर. दादा काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. नुसते बसा, आणि भूक लागली तर यादीतलं शेवटचं मागवा.

आई, आता तुझं काम. तू नातवासाठी म्हणून दर महिन्याला पाव किलो मेतकूट पाठवतेस ते दुकानात संपतं, हे वहिनी तुला सांगायला घाबरते. तिने तुझ्या मापाने करून पाहिलं, पण सुंठ जास्त झाली आणि डाळी कमी भाजल्या गेल्या. तेव्हा या महिन्यात दोन किलोचं सामान भाजून पाठव, दळून नको. तिथे थोडं थोडं दळलं की वास टिकतो. हिंग वेगळ्या पुडीत बांध.

तुमची,
धाकटी