रविवारी साडेचारला ओटीवर बसा

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला गेले तर आई मध्येच "ह्यांना देते" म्हणेल आणि बाबा "बघू" म्हणून फोन ठेवतील. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून मोठ्याने वाचा, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ताईला फोन करायचा नाही.

मी एका वर्षासाठी जर्मनीला जाणार आहे. ठरलंय. उत्तरेला कील नावाचं बंदर आहे. तिथे एका घरी राहायचं, त्यांच्या दोन मुलांकडे बघायचं आणि भाषा पक्की करायची. ओ पेअर म्हणतात त्याला.

बाबा, तुमच्या कपाळावरची आठी मला पुण्यातून दिसते. एम.ए. होऊन लोकांची पोरं सांभाळायला? पण हे मोलकरणीचं काम नव्हे. सरकारी नियम आहेत. दिवसाला फार तर ६ तास आणि आठवड्याला ३०, त्याहून जास्त काम सांगता येत नाही. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी. स्वतंत्र खोली, जेवण आणि विमा त्यांच्याकडे. वर महिन्याला २८० युरो हातखर्चाला आणि भाषेच्या वर्गासाठी ७० युरो वेगळे. यातून पैसे साठायचे नाहीत, ते मलाही कळतं. पण तिथल्या माणसांत वर्षभर राहून आलेली जर्मन आणि माझी इथली वहीतली जर्मन यांत फरक असतो, आणि पुढे मला ती शिकवायचीच आहे. शिवाय सत्तावीस पूर्ण व्हायच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. देवरुखचं स्थळ थांबायला तयार असेल तर थांबेल. नसेल तर आई, ताईच्या वेळी काय झालं ते तुलाच आठवेल. मी नको बोलायला.

तर, त्या घरच्यांनी आपल्याला निवडावं म्हणून आधी स्वतःची ओळख करून देणारं पत्र लिहावं लागतं. बहुतेक मुली लिहितात, मी प्रेमळ आहे, जबाबदार आहे, मला मुलं फार आवडतात. मीही तेच लिहिलं होतं. क्लासच्या बाई म्हणाल्या, असलं पत्र त्यांच्याकडे ढिगाने येतं, तुझं घर लिही. पोर रडलं तर तू काय करतेस ते लिही.

मग तुम्हा दोघांना घेऊन बसले आणि लिहीतच गेले. आगर, पोफळी, पाटाचं पाणी, दुपारी ओटीवर लवंडलेले बाबा. पोहता येतं का, असा प्रश्न होता. तिथे पाण्याजवळ राहणाऱ्या लोकांना ते विचारावंच लागतं. मी लिहिलं की बाबांनी पाठीला तेलाचा डबा बांधून मला विहिरीत सोडलं होतं आणि वरून आईने त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या जर्मनमध्ये सांगण्याइतकी माझी भाषा अजून तयार नाही.

आई, तुझंही लिहिलंय. आम्ही भोकाड पसरलं की तू मारायची नाहीस, समजावायचीही नाहीस. बिरड्याचे वाल पुढ्यात ओतून सोलायला बसवायचीस. आठदहा वाल होईपर्यंत रडं कुठे गेलं ते कळायचं नाही. चिनूला मी तसंच करते, हे लिहिलं. त्या घरातल्या बाईने ते वाचून आपल्या धाकटीला मटार सोलायला बसवलं म्हणे. अर्धे पोटात गेले, पण रडणं थांबलं. ती इस्पितळात रात्रपाळी करते, म्हणून त्यांना सकाळी मुलांना आवरून द्यायला माणूस हवं आहे.

आणि भरतीचं. मी लिहिलं की माझे वडील समुद्राकडे न बघता नुसत्या तिथीवरून आज पाणी किती वाजता चढेल ते सांगतात. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, सगळं तोंडपाठ. कील बाल्टिक समुद्रावर आहे आणि त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच! त्यांचा थोरला सहा वर्षांचा आहे. तो आता रोज विचारतो, तुझ्या बाबांचा समुद्र या वेळी कुठे आहे? बाबा, याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे, मला अष्टमीच्या पुढे जमत नाही.

नानाकाकांची भिंत आणि कोर्ट यातलं अर्थातच काही लिहिलं नाही. घरात कोणी धूम्रपान करतं का, याला "नाही" लिहिलं. बाबांची तंबाखू आणि आईची मिश्री यांना धूर नसतो, तेव्हा खोटं काही नाही. आई, तुझा सुपारी सोलतानाचा फोटो पाठवलाय. गाऊनमधला आहे, रागावू नकोस. त्यात तू फार छान हसतेस.

त्यांचा होकार आला त्यात एकच प्रश्न होता: तुझ्या आईवडिलांना हे ठाऊक आहे का? त्यांना आमच्याशी बोलायला आवडेल का? मी कळवलं, आजच लिहिते. बाईला आपल्या पोरीची काळजी आहे म्हणून तिने दुसऱ्याच्या पोरीची विचारली, असं मला वाटलं. तुम्हालाही वाटेल.

खाण्याची चिंता करू नकोस. तिथे स्प्रॉटन म्हणून मासा मिळतो, मांदेलीसारखाच लहान, धुरावर भाजलेला. भात मी लावेन. थंडी असते, डिसेंबरात चारच्या सुमारास काळोखही होतो, पण घरं आतून उबदार असतात. आपल्या माळ्यावर पावसात कुडकुडत झोपायचो त्यापेक्षा बरं.

एकच गोष्ट लिहायला हात जड होतोय. यंदा गणपतीला मी नाही. मोदकाच्या कळ्या वहिनी पाडेल, माझ्यापेक्षा चांगल्या पाडते. आरतीला मला फोनवर घ्या. रेंज गेली तर पुन्हा लावा, पण नंतर कोणाचा आवाज गेला, कोण आलं नाही, यावरून रडारड नको. आई, तुझीही नाही. मी लहानपणी तुझ्या पदराचं टोक तोंडात धरून झोपायचे म्हणतेस ना, त्या पोरीला एक वर्ष तुझ्याशिवाय राहता येतं का, ते तुलाही बघायचं असेलच.

आता ऐका. बाबांनी पोफळीवर चढायचं नाही, शिडी लावूनसुद्धा नाही. गडी मिळेपर्यंत सुपारी झाडावर राहिली तरी चालेल. पावसाळ्यात चिखलात उतरताना गमबूट. ताप आला की काढा पीत बसायचं नाही, लेप्टोची तपासणी दुसऱ्याच दिवशी. रात्री बॅटरीशिवाय आगरात पाऊल नाही. फुरसं आपल्याला बघून बाजूला होत नाही. आई, गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेतेस, वहिनीने सांगितलंय. आणि चिपळूणला जाऊन डोळे दाखवून या, दोघंही. दादा नेईल, त्याला मी सांगितलंय.

रविवारी दुपारी साडेचारला व्हिडिओ कॉल आहे. तिथे तेव्हा एक वाजलेला असेल. ओटीवर बसा, उंबऱ्यापलीकडे रेंज जाते. बाबा, सदरा घाला. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे विचारायचं नाही. आणि आई, त्यांचं लग्न झालेलं नाही, पण दहा वर्षं एकत्र आहेत आणि तिथे त्याचं कोणाला काही वाटत नाही. तेव्हा मंगळसूत्र दिसत नाही का, हे माझ्या कानात नंतर विचार.

व्हिसा हातात येईपर्यंत वाडीत बोलू नका. नानाकाकांना तर नाहीच.

तुमची,
सोनू

ता. क. – आंब्याची पेटी बांधून ठेवू नका. तिथे बाहेरून ताजी फळं दाखल्याशिवाय नेता येत नाहीत, तूप आणि पेढे तर अजिबात नाहीत. नारळ मात्र चालतो. दोनच द्या, सोललेले. आमसुलं न्यायची की नाही ते चौकशी करून कळवते.